समोरचा डोंगर दिसत नव्हता

प्रति,
मा. संचालक (परवाने व चौकशी),
नागरी विमानसेवा कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : रुग्ण नेणाऱ्या लहान विमानाच्या वैमानिकाविरुद्ध मी केलेली तक्रार खोटी असल्याने त्यांचे निलंबन रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) माझी तक्रार, दि. १२ ऑगस्ट.
२) आपला निलंबन आदेश, दि. ४ नोव्हेंबर.
३) तक्रार मागे घेण्यासाठी मी केलेले दोन अर्ज व त्यांना आलेली उत्तरे.

महोदय,

१. माझा पहिला अर्ज 'कारण नमूद नाही' या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या अर्जात मी 'मनाला पटत नाही' असे कारण लिहिले. त्यावर, अर्जदार पत्नीवियोगाने व्यथित असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर आले. मूळ तक्रार मी पत्नी गेल्यानंतर नवव्या दिवशी लिहिली होती. त्या दिवशी मला स्वतःच्या शर्टाची बटणे नीट लावता आली नव्हती. ती तक्रार मात्र बिनदिक्कत ग्राह्य धरली गेली. आपल्या चौकशी खिडकीवरचे लिपिक भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "काका, बाण सुटलाय. आता परत भात्यात कसा घालणार?" मग आवाज खाली आणून त्यांनीच सुचवले, "नेमकं काय झालं ते सगळं लिहा. सगळं लिहिलंत तर कुणाला तरी वाचावंच लागेल." म्हणून हे लिहीत आहे.

२. मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तराजूत चिमूटभर खोट सापडली तरी मी कुणाची गय केली नाही, त्यामुळे बाजारात माझ्याविषयी कुणी फारसे चांगले बोलत नसे. माझी पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आम्हाला मूलबाळ नाही. दि. ३ ऑगस्ट रोजी सकाळी ती कपडे वाळत घालताना छाती धरून खाली बसली. आमच्या गावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की छातीतली मुख्य रक्तवाहिनी फाटू लागली आहे, याची शस्त्रक्रिया फक्त मोठ्या शहरात होते, आणि रस्त्याने सात तास लागतील. सात तास तिच्याजवळ नव्हते. त्यांनीच फोन करून विमान मागवले.

३. विमान चार आसनांचे होते. पुढे वैमानिक व त्यांच्या शेजारी मी, मागे स्ट्रेचरवजा आडव्या केलेल्या आसनावर पत्नी व तिच्या उशाशी सिस्टर. वैमानिक चौतिशीचे असावेत. त्यांनी पत्नीला "मावशी, पोचवतो तुम्हाला" असे म्हटले आणि आम्हा सर्वांना कानाला लावायचे हेडफोन दिले. माझे मला जमेनात. पत्नीने पडल्या पडल्या स्वतःचे लावले, तोंडाशी माइक बरोबर दोन बोटांवर आणला. तीस वर्षांची सवय. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो.

४. शहर डोंगराच्या पलीकडे आहे व लहान विमानाला खिंडीतून जावे लागते, हे आपणास ठाऊकच आहे. अडीचच्या सुमारास पाऊस सुरू झाला. दोन चाळीसला खिंड दिसायला हवी होती. तेथे राखाडी भिंत होती. मला पंखाचे टोकही दिसत नव्हते. वैमानिकांनी एकदा विमान डावीकडे वळवून खाली जाऊन पाहिले, पुन्हा वर घेतले. मग ते मला म्हणाले, "काका, खिंड बंद झालीय. मागचं आकाशही मिटत चाललंय. खाली बियाणे केंद्राचं मोकळं शेत आहे, तिथे उतरवतो. ॲम्ब्युलन्स मागवलीय."

मी म्हणालो, "उतरायचं नाही. वीस मिनिटांचा प्रश्न आहे. ती मरेल."

ते म्हणाले, "पलीकडे काय आहे तेच मला दिसत नाहीये, काका."

मी त्यांचा दंड धरला. विमान चालवणाऱ्याचा दंड धरू नये एवढी अक्कल मला होती, तरी धरला. तेव्हा माझ्या कानात पत्नीचा आवाज आला. आवाज बारीक होता पण शब्द न् शब्द स्पष्ट. ती म्हणाली, "बाळा, दिसत नसेल तर उतरव. आम्हा दोघांपायी तू आणि सिस्टर कशाला?"

मी मागे न पाहता तिला म्हणालो, "तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं!"

तिने माइक तोंडापासून बाजूला केला. त्यानंतर ती बोलली नाही.

सिस्टरनी त्या वेळी छाती तपासण्यासाठी हेडफोन काढून ठेवले होते. इंजिनाच्या घरघरीत त्यांना यातले काहीही ऐकू आले नाही. तसा त्यांचा जबाब आहे व तो खरा आहे. हे बोलणे ऐकलेले आता वैमानिक व मी, असे दोघेच आहोत.

५. दोन बावन्नला आम्ही त्या शेतात उतरलो. चाके चिखलात रुतली, पण विमान सरळ राहिले, कुणाला खरचटलेही नाही. वैमानिकांनी आपला रेनकोट काढून पत्नीच्या अंगावर धरला. मी तो ओढून फेकून दिला. मी त्यांना बाहेर घेऊन गेलो आणि पंखाच्या टोकाशी उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. ते ॲम्ब्युलन्ससाठी सारखे शेताच्या फाटकाकडे बघत होते. सिस्टरनी मला दोनदा हाक मारली. "काका, त्या तुमच्याकडे बघतायत, इकडे या." मी आलो नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा गेलो. तीन पस्तीस झाले होते. मी तिचा हात हातात घेतला, तोवर सिस्टरनी तिचे डोळे मिटले होते. ॲम्ब्युलन्स चार चाळीसला आली, वाटेतला पूल पाण्याखाली होता.

६. ती वाचली असती का, हे मी नंतर शहरातल्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना जाऊन विचारले. ते म्हणाले, "पोचल्या असत्या तर प्रयत्न केला असता. त्यापुढे कसं सांगू?" खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

७. माझ्या तक्रारीत पुढील विधाने आहेत. 'पाऊस किरकोळ होता.' 'समोरचा डोंगर स्पष्ट दिसत होता.' 'वैमानिक घाबरले व त्यांनी रुग्णाचा विचार केला नाही.' ही तिन्ही विधाने खोटी आहेत. जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदीत त्या दिवशी हलका पाऊस आढळल्याने आपण माझ्यावर विश्वास ठेवलात, पण ते केंद्र डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. बियाणे केंद्राच्या पहारेकऱ्यांना कुणी विचारलेच नव्हते. मी विचारले. ते म्हणाले, "साहेब, फाटकातून गोदाम दिसत नव्हतं हो. शंभर पावलांवर आहे गोदाम. विमानाचा नुसता आवाज आला, मला वाटलं डोक्यावरच पडतंय." त्यांचा सहीचा जबाब सोबत जोडला आहे.

८. आपला चौकशी अहवाल मला आदेशासोबत मिळाला. तो मी पुष्कळ वेळा वाचला. वैमानिकांच्या जबाबात 'उतरण्याचा निर्णय सर्वस्वी माझा' एवढेच आहे. पत्नी काय म्हणाली याचा त्यात उल्लेख नाही. ते एक वाक्य त्यांनी सांगितले असते तर त्यांची बाजू भक्कम झाली असती. मला राहवेना. पत्ता काढून मी त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांच्या आईने उघडले. मी कोण ते त्यांनी न सांगताच ओळखले. मग म्हणाल्या, "आत या. उन्हात उभे राहू नका." वैमानिक मागच्या अंगणात होते. हल्ली ते मेहुण्याच्या सुतारकामाला हातभार लावतात. खुर्चीचा पाय पॉलिशपेपरने घासत होते. मी विचारले, "तिनं सांगितलं होतं, उतरव म्हणून. चौकशीत का सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "मावशी काही बोलल्या नसत्या तरी मी उतरवलंच असतं. मग त्यांचं नाव कशाला पुढे करायचं?"

त्यांनी खुर्चीचा दुसरा पाय घासायला घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि त्या बोलल्या ते सांगितलं असतं, तर तुम्ही काय बोललात तेही विचारलं असतं, काका."

महोदय, त्यांच्या आईने मला हाताला धरून बसवले.

९. तरी माझी विनंती अशी की माझी तक्रार खोटी म्हणून निकालात काढावी. अहवालात माझी पत्नी केवळ 'रुग्ण' म्हणून आहे. परिच्छेद ४ मधील तिचे वाक्य तिच्या नावानिशी जबाबात नोंदवून घ्यावे, त्यापुढचे माझेही. खोट्या तक्रारीबद्दल माझ्यावर जी कारवाई बसत असेल ती करावी, मी वयाचे कारण सांगणार नाही. आणि वैमानिकांचा परवाना त्यांना परत द्यावा.

निघताना मी त्यांना म्हणालो होतो की परवाना मिळवून देईन. ते म्हणाले, "मिळाला तरी मी पुन्हा उडवेन असं वाटत नाही, काका. खिंड आली की मावशी दिसतील." तसे असेल तर तसे. परंतु ते ठरवताना परवाना त्यांच्या हातात असावा.

आपल्या दप्तरी तक्रारदार म्हणून नोंद असलेला,
(सही)
निवृत्त निरीक्षक, वजनमापे खाते

दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत :
१) बियाणे केंद्राच्या पहारेकऱ्यांचा जबाब.
२) माझ्या मूळ तक्रारीची प्रत, खोटी विधाने तांबड्या शाईने अधोरेखित करून.
३) सिस्टरचे पत्र. पत्नी शेतात असताना शेवटची वीस मिनिटे शुद्धीवर होती, असे त्यात लिहिले आहे. चौकशीसाठी त्याची गरज नसेल. माझ्याकडे ते ठेवायला जागा नाही.