चौथ्याची जागा

॥ श्री ॥

पडेगाव, ६ जुलै २०२५

ती. स्व. बाईस,
रूपाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की परवा फोनवर मी सांगत होते, शाळा सुरू झाली, अन् तू विचारत होतीस, शेळी कुणाची घेतली. मी घसा फोडून शाळा शाळा म्हणावं अन् तू म्हणावं, तिला पाला कुठून आणतेस. खालची जाहेदा कणकेच्या हातानं धावत वर आली. तिला वाटलं आमच्यात भांडण लागलं. म्हणून आता तुझ्या कानाशी झगडायचं नाही, पत्रच लिहायचं असं ठरवलंय. आपल्या गावचा कारभारीदादा दर मंगळवारी भाजीची गाडी घेऊन मंडीत येतो अन् जाताना घरी चहाला थांबतो, त्याच्याकडं देत जाईन.

इकडचं सांगायचं तर ह्यांना कंपनीनं वर्षभरासाठी चाकणला पाठवलं. पंधरा दिवसांनी एक रविवार घरी येतात, त्यातला अर्धा झोपण्यात जातो. त्यात आमच्याकडचा रस्ता खोदून ठेवलाय, तर शाळेच्या व्हॅनवाल्यानं पडेगावात यायचंच बंद केलं. बाकीच्या गाड्या भरलेल्या. जाहेदाचा नवरा चांदपाशा दुपारी त्याच्या अबुजरसोबत आपली तिन्ही लेकरं रिक्षातून घरी आणतो, ती मी येईपर्यंत जाहेदाकडं असतात. त्या दोघांचे उपकार कसे फेडावे कळत नाही. पण सकाळी त्याची रिक्षा कामगारांच्या पाळीला बांधलेली, त्यामुळं सकाळ माझ्याच गळ्यात.

सकाळ म्हणजे काय सांगू. श्रेयाला नंदूचीच फणी पाहिजे. नंदूची यंदा पाचवीची शिष्यवृत्ती, ती वेणी घालतानाही पाढे म्हणते अन् मान हलवते. ऋतूचा एक बूट रोज कुठंतरी जातो. मग स्कूटीवर श्रेया पुढं उभी, मागं ऋतू, त्याच्या मागं नंदू, हँडलला डबे. छावणीत त्यांना शाळेत सोडायचं अन् तशीच क्रांती चौकात लॅबला पळायचं. तिथं उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक माझ्यावर डोळे वटारून बसलेले असतात.

बाई, तू येशील का गं? चार-सहा महिने नुसती घरात बसलीस तरी माझा जीव थाऱ्यावर राहील. विचार कर.

तुझ्या मायेची सवय झालेली,
रूपा


॥ श्री ॥

अजिंठा, ९ जुलै २०२५

चि. सौ. रूपास आवडाबाईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. माझ्या कानाला नावं ठेवायची नायत. कान चांगलेच हायेत, तुम्ही लोक बोलता हळू. ते यंत्र घातलं की शिट्टी वाजती, म्हणून डब्यात ठेवलंय.

येण्याचं म्हणशील तर पोरी, ते काय जमायचं नाय. गाय गाभण हाय, हे एक. अन् दुसरं तुला ठाऊक हाय. लेकीच्या घरी माय पाहुणी म्हणून सुद्धा दोन दिसाच्या वर राहत नसती. तुझ्या आजीनं माझ्या घरचं पाणी बी कधी पिलं नाय, शेजारणीकडून तांब्या मागवायची. मी येऊन बसले तर शिवराजराव तोंडानं काय बोलायचे नाय, पण त्यांच्या भावकीत होईल ती चर्चा मला नको.

पण एक वाचून मला रातभर घोर लागला. तीन लेकरं एका वक्ताला घराबाहेर काढतेस अन् मला आत्ता सांगतेस? तिघांनी मिळून निघू नये, एवढं बी विसरलीस व्हय? तुम्ही तिघी बहिणी जत्रंला निघालात की मी ओच्यात खडा बांधून द्यायची. तू म्हणशील मी धरून चौघं होतात. तसं नाय. तू फाटकातून माघारी फिरतेस, आत तिघंच जातात. म्हणून वाघूरच्या पात्रातला एक गोटा घासून-धुऊन कारभारीजवळ देते हाय. तो नंदूच्या दप्तरात टाक, म्हणजे चौघं होतील. सोबत लसणाची चटणी हाय. ती दप्तरात टाकू नको.

लेकरायला पापा. माझी आठवण निघत राहू दे.

आवडाबाई


॥ श्री ॥

पडेगाव, ३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गोट्यानं आमच्या घरात काय धुमाकूळ घातलाय ते ऐक. मी हसत हसत तो लेकरांना दाखवला अन् सांगितलं की हा तुमचा चौथा. झालं. त्याचं नाव पडलं चौथ्या. ऋतूनं त्याला आंघोळ घातली, गंध लावलं. नंदूनं सांगितलं की तिच्या दप्तरात आधीच ओझं आहे, तेव्हापासून चौथ्या ऋतूच्या खिशात राहतो अन् चड्डी एका बाजूनं खाली ओढतो. शाळेच्या फाटकात ऋतू मोठ्यानं मोजतो, नंदूताई, मी, श्रेया, चौथ्या. मोजून झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.

पुढची गंमत अशी की गेल्या आठवड्यात श्रेयाच्या बालवर्गाच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. चेहरा गंभीर. म्हणाल्या, तुमचं चौथं लेकरू शाळेत का घातलं नाही? श्रेया सांगते की तो तिच्याएवढाच आहे, काही खात नाही, बोलत नाही अन् तुम्ही त्याला दिवसभर खिशात ठेवता. मी तिथंच पायरीवर बसून हसले. बाईंना आधी वाटलं मला वेड लागलं. शेवटी ऋतूला बोलावून चौथ्याचं दर्शन घडवलं, तेव्हा त्याही हसल्या. त्यांच्या गावाकडं म्हणे सुपारी ठेवतात.

ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, सासूबाईंनी दगड पाठवला त्यापेक्षा स्वतः आल्या असत्या तर बरं झालं असतं. हे मी मनचं लिहीत नाही, त्यांचे शब्द आहेत. चटणी संपली.

माया आहे तशी असू दे,
रूपा


॥ श्री ॥

पडेगाव, १४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून घाबरू नकोस, सगळे धड आहेत. परवा सकाळी खोदलेल्या रस्त्याच्या कडेला खडीवरून स्कूटी घसरली. मागून ट्रक येत होता. त्यानं ब्रेक लावला म्हणून हे पत्र लिहिते आहे. ऋतूचा गुडघा सोलला, नंदूचा डबा सांडला. श्रेया माझ्या अंगावर पडली, तिला काहीच झालं नाही. लॅबमध्ये त्या दिवशी मी रक्त काढायला बसलेच नाही, नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या. वर काल एका पोलिसदादानं सिग्नलला थांबवून सांगितलं की एका गाडीवर चौघं, ताई, पुन्हा दिसलात तर गाडी जमा करीन. तो बरोबरच बोलत होता.

रात्री ह्यांच्याशी बोलले. नोकरी सोडायचा विषय निघाला, पण ती सोडली तर पुन्हा मिळायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. स्कूटीवर दोन लेकरं असली तर जमतं, तीन नाही जमत. एक जण कमी झालं की सगळं निभेल. नंदूची शिष्यवृत्ती आहे, श्रेया अजून माझ्याशिवाय झोपत नाही. राहिला ऋतू. तो समजूतदार आहे, कशाला हट्ट करत नाही, तुझ्या गाईत त्याचा जीव रमतो. दिवाळी झाली की हे वर्षभर त्याला तुझ्याकडं ठेवते. गावच्या शाळेत दुसरीत घालू. तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे.

तू आजीकडं जा, एक जण कमी झालं की आपलं निभेल, असं त्याला सांगितलं तर त्यानं मान हलवली अन् बूट शोधायला गेला. समजूतदार लेकराच्याच वाट्याला हे येतं, अन् ते मीच त्याच्या वाट्याला आणते आहे. मला माझाच राग येतो बाई.

रूपा


॥ श्री ॥

अजिंठा, १७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रूपास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तोंडचं पाणी पळालं. देवानं राखलं. चौथ्या सोबत होता म्हणून निभावलं, तू हास किंवा काय बी कर.

ऋतूचं वाचलं. पोरी, तुझ्या दुःखात मला आनंद झाला हे लिहायला लाज वाटती, पण झाला. माझे मालक, तुझे दादा, गेल्यापासून या घरात मी एकटीच बोलते अन् गाय ऐकती. आता कुणीतरी माझं ऐकंल अन् उलट बोलंल. शाळंत जाऊन गुरुजींना विचारून आले, ते म्हणले खुशाल आणा. माझ्या खाटंशेजारी त्याची खाट टाकली. कारभारीच्या घरून बारकी गोधडी आणली, ती आखूड वाटली, म्हणून नवी शिवायला घेतली हाय. गाईला बी सांगून ठेवलंय.

तू मनाला लावून घेऊ नको. मी त्याला तळहातावर ठेवीन. तुमचा लोभ तसाच राहू दे.

आवडाबाई


॥ श्री ॥

पडेगाव, ५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

ऋतूचे कपडे भरायला घेतलेत. स्वेटर लहान झालाय, तुझ्याकडं थंडी जास्त, म्हणून शाइस्तासाठी विणता विणता जाहेदा त्याच्यासाठीही एक विणते आहे. शाइस्ता म्हणजे तिची धाकटी.

पण घरात एक वेगळाच घोळ झालाय. चौथ्या हरवला. चार-पाच दिवस झाले. श्रेयानं रडून घर डोक्यावर घेतलं, नंदूनं सगळी दप्तरं उलटी केली. मी दुसरा गोटा देऊ केला तर श्रेया म्हणते, हा चौथ्या नाही, हा नुसता दगड आहे. ऋतू मात्र शोधायलाही उठला नाही. विचारलं तर एवढंच म्हणाला की सापडेल. सकाळी फाटकात तो आता मोजत नाही.

आणखी एक. दोन दिवस झाले, तो मला सारखं विचारतोय, आता एक जण कमी झालं ना, आता आपलं निभतं ना. मला वाटलं, स्वतःच्या जाण्याची मनाशी तयारी करतोय. मी हो म्हणाले अन् आत जाऊन रडले. काल रात्री बॅगेतून त्याची पाटी अन् शर्ट काढून पुन्हा कपाटात ठेवलेले दिसले. रागावले नाही. पण बाई, त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही. तुझ्याजवळ तो बोलेल असं वाटतं.

आधार देत राहा,
रूपा


॥ श्री ॥

अजिंठा, ८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रूपास अनेक आशीर्वाद.

चौथ्या माझ्यापाशी हाय.

कारभारी काल तुझं पत्र घेऊन आला, अन् पत्र देता देता डोक्याला हात लावून गाडीकडं पळाला. मागच्या मंगळवारी तुझ्याकडं चहा पिऊन निघताना ऋतूनं त्याच्याजवळ रुमालात बांधून एक पुडकं दिलं होतं. ते या मेल्यानं गाडीच्या खणात टाकलं अन् आठवडाभर विसरला. सोडून बघते तर आपला गोटा. गंध अजून हाय त्याला.

पोरानं कारभारीजवळ निरोप काय दिला ते ऐक. म्हणला, आजीला सांग, आमच्यातलं एक जण अजिंठ्याला पाठवायचं ठरलंय, तर आम्ही चौथ्याला पाठवतो हाय. तो भाकरी मागत नाय, रडत नाय, त्याला आईशिवाय झोप येती. त्याला शाळंत घाल.

त्यानं तुझा शब्द पाळला रूपा. तू म्हणलीस एक कमी झाला की निभतं. त्यानं मोजलं, चौघं होते, एक कमी केला. तुला विचारत होता तो आपल्या जाण्याचं नाय, आपल्या राहण्याचं. अन् तू व्हय म्हणलीस.

मी लई रडले. ती नवी गोधडी मांडीवर घेऊन बसले, अन् मग माझी मलाच लाज वाटली. एवढंसं लेकरू घरात राहण्यासाठी आपला जिवाचा सोबती देऊन टाकतं, अन् मी म्हातारी लेकीच्या घरचं पाणी कसं प्यावं म्हणून इथं अडून बसले.

तर आता ऐक. गाय कारभारीच्या गोठ्यात बांधायची ठरलं, त्याची माय धार काढील. दिवाळी झाली की मी त्याच्या गाडीत बसून येते. शिवराजराव चाकणहून परत येईस्तोवर राहीन. श्रेयाला गल्लीतल्या अंगणवाडीत घाल. तिला मी चालत नेईन अन् चालत आणीन, वाटंत तिला शेळी बी दाखवीन. दोघं तुझ्या स्कूटीवर. पाण्याचं म्हणशील तर माझी तांब्याची कळशी मी घेऊन येते. कळशी माझी, मग पाणी बी माझंच झालं. तुझ्या आजीला वर काय वाटायचं ते वाटू दे. भावकीत कुणी विचारलं तर सांग, माझी माय राहायला नाय आली, चौथ्याला सोडायला आली हाय. तुम्ही तिघं स्कूटीवर बसाल तव्हा तो लागंलच, त्याची जागा ठेव.

कानातलं यंत्र बी आणते. शिट्टी वाजली तर वाजू दे.

बाकी समोर बसून. माझ्यावर जीव हाय तसाच राहू दे.

आवडाबाई

ता. क. ऋतूची बॅग रिकामी कर. त्याच्या देखत कर. अन् त्याला हे वाचून दाखव, की बाळा, चौथ्याला इथं करमंना. तुला वाटलं तसं नाय, त्याला बी आईशिवाय झोप येत नाय.