केरबाचं दुसरं नाव

पलूस, ३ नोव्हेंबर १९४४
वाईहून मोटारी बदलत एकदाची बालकाश्रमात पोचले. अंग आंबलंय, पण मन कसं उड्या मारतंय! पुण्यात सेविकेचा अभ्यासक्रम पुरा केला, तरी इथल्या संचालिका शालूबाई म्हणतात, महिनाभर शिकाऊच राहायचं, जमलं तर कायम. जमेल की! चारी बाजूंनी उंच ऊस, मधे कौलारू इमारत आणि खांबांआडून मला बघणारी पोरं.

७ नोव्हेंबर
शालूबाई पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या. पाणी उकळणं, खरूज धुणं, वजन घेणं, सगळं पहिल्यापासून शिकवतात. एक धडा मात्र पुण्यात नव्हता. पोराला चांगलं नाव ठेवायचं नाही. आल्या दिवशी केरात लोळवायचं आणि केरबा, दगडू, धोंडी असं काहीतरी म्हणायचं. ज्यांच्या घरची सगळी गेली त्यांच्यावर काळाची नजर असते म्हणे, आणि कचरा कोण उचलून नेतं? पोरांपुढं आम्हीही नुसत्या 'बाई', खरं नाव सांगायचं नाही. शिकलेल्या बाईनं हे सांगावं! मला हसू आवरेना.

१२ नोव्हेंबर
पाच वर्षांचा केरबा सारखा माझ्यामागे. आई पटकीनं गेली, बाप लढाईत पडला. आज विचारतो, "बाई, मी कचरा हाय व्हय?" न्हाणीघरात त्याच्या कानात सांगितलं, तुझं नाव मधुकर, मधू. आणि माझं प्रमोदिनी. कुणाला सांगू नकोस. पोर दिवसभर हसत होतं.

१६ नोव्हेंबर
भर दुपारी मुलींच्या वेण्या घालत होते. उसातून "मधू" अशी हाक आली, गोड, लाडिक. आवाज माझा. माझं तोंड तर मिटलेलं होतं. मधू बांधाकडे निघाला. धावत जाऊन धरला तर म्हणतो, "तुमीच बोलावलं न्हवं?"

१७ नोव्हेंबर
शालूबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, काळाला नाव कळलं की तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, ओ देईल त्याला नेतो. मग दोघींनी त्याला पुन्हा केरात लोळवला. तो रडत होता, मी त्याला कचरा म्हणत होते. शालूबाई म्हणाल्या, कानात गेलेलं नाव केरानं निघत नाही, तरी करून बघायचं.

१८ नोव्हेंबर
कडी लावून त्याला घेऊन बसलेय. बाहेर माझा आवाज, 'मधू, मधू' — आत मी सांगतेय, जाऊ नको, मी इथं आहे. तो माझ्याकडे बघतो, मग दाराकडे. त्याला केरात लोळवणारी ती मी. गोड हाक मारते ती दुसरी.

१९ नोव्हेंबर
गेला. मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात — बांधावर त्याची टोपी. माणसांनी ऊस पालथा घातला. काही नाही. शालूबाई म्हणाल्या, तुम्ही वाईला निघा, तुमचंही नाव त्या पोराला ठाऊक, हाक आली तर ओ —

२० नोव्हेंबर
ट्रंक भरलीय. मोटार दुपारची.
उसातून हाक. "प्रमोदिनी." मधूचा आवाज.
ओ द्यायची नाही. कळतं मला, सगळं कळतं. पण रडतोय. भूक लागलीय म्हणतो.
खरंच तोच असला तर?
नुसती बांधापर्यंत जाते. ओ देणार नाही, नुसतं बघून — अरे, रडू नको मधू, आले, आले मी —