कॅल्क्युलेटर हिला, ऑफिस सूनबाईला

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पाण्याच्या टाक्या व पादचारी पुलांची आकडेमोड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा सांगत आहे. माझा उजवा हात वर्षभर संपावर असल्याने शब्द माझे, अक्षर शेजारच्या घड्याळजींचे. शुद्धीची खात्री डॉक्टरीणबाईंनी केली: शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी शून्याखाली उतरलो, तेव्हा त्यांनीच हात जोडले.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीस. तिच्या पश्चात मुलगा व सूनबाईस समान. माझ्या आजारपणात पत्नीने खाल्लेल्या खस्तांची ही भरपाई नव्हे. ती होणे नाही.

२. ऑफिस, नकाशांचे कपाट व गिऱ्हाईके सूनबाईस. ती हिशेब मोबाइलवर करते म्हणून मी तिच्याशी पुष्कळ भांडलो. "काचेवर बोटं फिरवून टाक्या उभ्या राहत नाहीत," असे म्हणत असे. मग एका शाळेवरच्या टाकीचे वजन दोघांचे जुळेना. मी माझ्या जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यावर हटून बसलो. ती म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण सगळे आठ दाबून बघा ना." दाबले. सगळे आठ उमटले, मधल्या एका जागी मात्र सहा. पडद्यावर त्या जागची एक बारीक रेघ मेली होती, म्हणून आठाचा सहा दिसे. त्या शाळेतली मुले आज टाकीखाली निर्धास्त बसतात ती सूनबाईमुळे. तिचे उपकार मी मानतो, आणि ते कागदावर राहावेत.

पुढे तिच्या मोबाइलच्या ॲपने नव्या आवृत्तीत कोनाचे माप गुपचूप बदलले, ते माझ्या म्हाताऱ्या यंत्राने पकडले. फिट्टंफाट! तेव्हापासून आमचा रिवाज: पाठीला पाठ लावून बसायचे, ती ॲपवर, मी बटणांवर, आणि उत्तर एकदम मोठ्याने बोलायचे. जुळेपर्यंत चहा नाही.

३. ज्या कंत्राटदाराने माझा कॅल्क्युलेटर साइटवर नेऊन झाकणाशिवाय परत केला आणि वर "कुठलं झाकण?" असे विचारले, त्यास ते झाकण दिले असे समजावे.

४. आता काळजीचे. मी गेल्यावर सूनबाईच्या पाठीमागची खुर्ची रिकामी होईल. एकटीचा आकडा एकटीला बरोबरच वाटतो. म्हणून कॅल्क्युलेटर पत्नीस. हात गेल्यापासून मी सांगतो आणि बटणे ती दाबते. हल्ली तर "अहो, वर्ग करायचा राहिला," असे मलाच बजावते. "मला कुठलं जमतंय!" ही तिची सबब कोणी ऐकू नये.

दोघींनी पाठीला पाठ लावून बसावे. आकडा जुळला की मोठ्याने बोलावे. मला ऐकू येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बोलावे.

हे सर्व पत्नीस वाचून दाखवले. तिने कॅल्क्युलेटर उचलला आणि आधी सगळे आठ दाबून बघितले.

सही: (डाव्या हाताची, वाकडी, पण माझीच)

आम्हां दोघांसमक्ष, साक्षीदार:
१. घड्याळजी (त्या यंत्राचा पडदा बदलून देणारे)
२. डॉक्टरीणबाई

ठिकाण: ऑफिस, दोन खुर्च्यांची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५