एक लाल, एक निळा

सूनबाई,

रात्रपाळी करून आत्ताच झोपलीस म्हणून उठवलं नाही. छकुलीला घेऊन दूध आणायला जातेय. तिला स्वेटर, कानटोपी सगळं घातलंय, उगाच जिन्यातून धावत येऊ नकोस. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे.

पाळणाघराला थंडीची सुट्टी लागल्यापासून तू घरात जो पसारा मांडलास, त्यावर मी बोलायचं ते बोलले. छकुलीने वाटाणे चमच्याने या वाटीतून त्या वाटीत घालायचे, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या. जोडी जुळली की तू म्हणणार 'बरोबर', नाही जुळली की 'चूक'. मला वाटायचं, पोर अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढत नाही आणि ही मोजे कसले जुळवत बसलीय! न्हाणीघरात नळ सोडून रडतेस, तेही मला ऐकू येतं हो.

आज घाईत मी एक लाल, एक निळा मोजा चढवला. पोरगी दारात आडवी उभी राहिली, माझ्या पायांकडे बोट दाखवलं आणि खणखणीत म्हणाली, "चूक!"

या घरात मला चूक म्हणायची तुझ्या सासऱ्यांचीसुद्धा कधी छाती झाली नाही. हिचा पहिलाच शब्द, आणि तोही माझ्या तोंडावर! तुझ्या चिकाटीला मानलं बाई. माझ्याच्याने झालं नसतं.

मोजे मी बदललेले नाहीत. आम्ही आलो की दार तूच उघड, माझ्या पायांकडे बघ आणि गप्प उभी राहा. पुढचं ती बोलेल.

तुझी सासू