मधल्या वळणावरचा ओला हात

तीर्थरूप भुजंगदादास,

मीनाचा तुझ्या पायावर माथा (बऱ्या पायावर, सुजलेल्यावर ठेवलेला न्हाई). मोनालीच्या घरी, लेकीच्या हातचं, तुझं खाणंपिणं बराबर चाललं असंल. गुडघ्याला तेल लावतोस का नुसतीच बाटली उशाशी ठेवून झोपतोस, ते कळव. मोनालीला आशीर्वाद. फोन का केला न्हाई म्हणशील, तर फोनवर मी बोंबलते, ते सारं वडीगोद्री ऐकतं, आन् तू तेवढा "हां हां, पाऊस झाला" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहून राह्यले. बद्रीनाथ जीपवाल्याच्या हाती देते. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, चष्मा लावून वाच.

तुझ्या लेकानं, कल्याणनं, आपला भूतबंगला नवा केला. साळूवहिनी गेल्यापासून दोन वर्षं पत्रे अंगणात पडून होते, ते त्यानं यंदाच्या जत्रेसाठी उचलले, इथपर्यंत मला बरं वाटलं. मंग त्यानं काळी ताडपत्री काढून टाकली. आतून निळेलाल लाईट लावले, प्लास्टिकचे सापळे आणले (एकाचे दात इतके पांढरे की त्याला पाहून लोक आपले दात झाकतात), खदाखदा हसणारा भोंगा टांगला, आन् गिऱ्हाईक बसायचे पटरीवरचे डबे हातानं ढकलायच्या ऐवजी मोटर बसवली. मी म्हणलं, अरे, भुताला एवढा उजेड कशाला, त्याला काय पेपर वाचायचाय? तर म्हणतो, "आत्या, तुला न्हाई कळणार. लोकायला नवीन पाहिजे."

लोकायला काय पाहिजे ते पहिल्याच दिवशी कळलं. राधेश्याम गुरुजी आले. तीस वर्षांत त्यांची एक जत्रा चुकली न्हाई. आत जाताना नेहमीसारखी कॉलर खाली करून मान मोकळी केली. (मधल्या वळणावर अंधारात वहिनी बादली घेऊन बसायची आन् ओला हात हळूच मानेवरून फिरवायची, त्यासाठी.) बाहेर आले ते मान चाचपत. "मीनाबाई, कोरडी," एवढंच म्हणले आन् खांबाला टेकून खाली बसले. घरातलं कोणी गेल्यावर माणूस बसतो ना, बिलकुल तसे. मंग हसनाबादहून गिरिजाबाई आली. तिच्या घरात सासू, दोन दीर, मोठा आवाज काढायची सोय न्हाई. वर्षाचं सारं ओरडणं ती आपल्या डब्यात ओरडून घ्यायची आन् हलकी होऊन जिलेबी बांधून न्यायची. आता लाईटात बसली, तर पुढच्याच डब्यात तिचा धाकटा दीर. तोंड दाबून गेली, तोंड दाबून आली, आन् माझ्यावर डाफरली, "आता पुढच्या जत्रेपर्यंत हे सारं मी कुठं ठेवू?" पोरं मात्र खुश. सापळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून राह्यली. एकानं तर त्याला भजं भरवलं.

दादा, तुला सांगायची गरज न्हाई, तरी लिहिते, कारण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात न्हाई. आत काही दिसायचं न्हाई, म्हणून वहिनी हातातलं पितळेचं कडं पत्र्यावर वाजवायची. दोन टोले म्हणजे ढकला. तीन म्हणजे थांबवा, कोणाला तरी खरंच काही झालंय. भूतबंगल्यात सारेच ओरडतात, त्यात खरं ओरडणं कोणतं ते फक्त तिला कळायचं. तू बाहेरून ढकलायचास. पंचवीस वर्षं दिवसभर तुम्ही नवराबायको तेवढंच बोललात (आन् घरी येऊन बाकीचं भांडलात).

तर दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या वळणावरचा लाईट गेला. गिऱ्हाईक दारात, कल्याणनं तसंच चालू ठेवलं. पहिल्याच फेरीच्या बाया किंचाळत बाहेर आल्या, माना ओल्या. दुसऱ्या फेरीतही तसंच. जत्रेत बातमी जिलेबीवाल्यापर्यंत जायला वेळ लागत न्हाई. गुरुजी पळत आले, आत गेले, आन् बाहेर आले तर कॉलरमधून पाणी ठिबकून राह्यलं होतं आन् डोळ्यातूनही. हात जोडून म्हणले, साळूबाई आल्या. कल्याण पांढरा पडला. आत डोकावला, तर सापळा, आन् त्याच्या पायाशी ओली माती. बाकी कोणी न्हाई.

पाच वाजता गिरिजाबाई परत आली, दिराला कुस्त्या पाहायला पाठवून, एकटी. आत गेली आन् अशी ओरडली की पाळण्यावरचे लोक खाली वाकून पाहू लागले. बाहेर सारे हसून राह्यले होते. कल्याणही हसला. बाई दोन वर्षांचं वसूल करून राह्यली, म्हणला. आन् तेवढ्यात पत्र्यावर टण, टण, टण.

तीन.

पोरगं त्याच आवाजात वाढलेलं. डोक्यात काही यायच्या आधी त्याचा हात बटणावर गेला. मोटर थांबली. बॅटरी घेऊन आत गेला, तर बाईचा पदर चाकात गुंडाळत गुंडाळत गळ्यापर्यंत आल्ता. अजून एक फेरा झाला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पदर कापून काढला. बाई बरी हाय, आवाज बसलाय. आत दुसरं कोणीच न्हाई.

आता कल्याण जेवत न्हाई, झोपत न्हाई. भूतबंगला बंद करतो म्हणतो. भंगारवाल्याला सोमवारी बोलावलंय, पत्रे, डबे, पटरी, सारं देऊन टाकणार. मी म्हणलं, मोटर दे, सापळे दे, बाकीच्याला हात लावू नको, ताडपत्री चढव आन् पहिल्यासारखं ढकल. तर म्हणतो, "ढकलू कसं, आत्या? मला कोणी शिकवलंय का?" ते खरं हाय, तू कधी कोणाला हात लावू दिला न्हाईस. म्हणून सोमवारच्या आत ये आन् लेकाला शिकव. गुडघ्याचं सांगू नको, खुर्चीवर बसून शिकव.

तुझी बहीण,
मीना

ता. क. एक गोष्ट राह्यली. ओला हात माझा होता. लाईटही मीच ढिला केल्ता. गुरुजीचं तोंड पाहवलं न्हाई, म्हणून मागच्या फटीतून बादली घेऊन शिरले आन् सापळ्यामागं बसले, कल्याण डोकावला तेव्हा त्याच फटीतून बाहेर सटकले (कंबर अजून वाकडी हाय, वहिनी पंचवीस वर्षं कशी बसली देव जाणे). कल्याणला सांगू नको. गुरुजीला तर मी मेल्यावरही सांगू नको.

आणखी ता. क. पण पाच वाजता मी आत नव्हते. पाणी संपलं म्हणून बादली भरायला हापशावर गेल्ते. टोले मी तिथून ऐकले. आन् माझ्या हातात प्लास्टिकच्या बांगड्या, नंतर पत्र्यावर आपटून पाह्यल्या, आवाज निघत न्हाई. वहिनीचं कडं तू इथून जाताना तुझ्या पेटीत, तिच्या लुगड्यात गुंडाळून नेलंस, मी पाह्यलंय. हे वाचून झालं की उठ, पेटी उघड आन् लुगड्याला हात लावून बघ. बद्रीनाथला खाली थांबायला सांगितलंय. कोरडं असलं तर त्याच्या हाती चिठ्ठी दे. ओलं असलं तर लिहीत बसू नको, त्याच्याच जीपमधी बसून ये.