भात्यावरचे इसरूभाऊ

६ एप्रिल
ऑर्गनच्या नव्या नळ्यांच्या पेट्या धड पोचल्या, एकही नळी चेपली नाही, हे पास्टर आदेश यांनी स्वतः उघडून बघून सांगितलं. गोंडपिपरीपुढचा रस्ता पाहिल्यावर आश्चर्यच. चर्च लहान, मोहाच्या झाडांत. ऑर्गन मिशनच्या काळातला, पण अजून गोड. नळ्यांच्या दोन नव्या रांगा वाढवायच्या, हाताच्या भात्याऐवजी विजेची मोटार बसवायची, आणि ईस्टरला वाजला पाहिजे. नागपूरच्या वर्कशॉपच्या मालकांनी पहिल्यांदाच अख्खं काम माझ्यावर सोपवलंय. वीज गेली तर असावा म्हणून जुना भाता राहू देणार. तो इतकी वर्षं इसरूभाऊ ओढतात. मोटार पाहून म्हणाले, "आता हे मशीन ओढन? मंग मी प्रभूले काय सांगू, रिटायर झालो म्हणून?" सगळे हसले. मीही.

१० एप्रिल
मोटार बसली. सूर लावायला दोन माणसं लागतात. एक आत नळ्यांमध्ये, दुसरं बाहेर पट्टी दाबून धरायला. आतून "पुढची" म्हटलं की पुढची पट्टी. इसरूभाऊंना बसवलंय. त्यांना कमी ऐकू येतं, ओरडावं लागतं.

१२ एप्रिल
आज मी फार वाईट बोलले. क्वायरच्या बाया सरावाला बसल्या होत्या. इसरूभाऊंनी पुन्हा चुकीची पट्टी दाबली, तशी मी आतून किंचाळले, "मेल्यावर तरी ऐकू येईल का तुम्हाला?" कुणीतरी फिसकन हसलं. बाहेर आले तर ते जोडे घालत होते. माझ्याकडे पाहिलं नाही. उद्या माफी मागेन.

१३ एप्रिल
इसरूभाऊ झोपेतच गेले. पास्टरांनी उपासनेत सांगितलं.
मी मातीला गेले नाही. काम आहे म्हटलं. खरं म्हणजे त्यांच्या बायकोसमोर, गिरजाबाईंसमोर, उभं राहायची लाज वाटली. भर दुपारी चर्च रिकामं. आत शिरले, एका नळीचा सूर लावला आणि सवयीनं ओरडले, "पुढची!"
पुढची वाजली.
फटीतून पाहिलं. बाकडं रिकामं. पट्टी दबलेली.
पळायला हवं होतं. पण अर्धी रांग उरली होती. मी पुन्हा ओरडले, "पुढची!"
संध्याकाळी रांग पुरी झाली. एकही चूक नाही.

१६ एप्रिल
दुसरी रांगही तशीच. हळू म्हटलं तर वाजत नाही, अजूनही ओरडावंच लागतं. ऑर्गन वाजवणारी निशा म्हणाली, "रश्मीबाई, एकटीनं? तुम्ही त जादूच केली." मान वर करवली नाही. मेलेल्या माणसाला राबवते आहे मी.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
आज ऑर्गन वाजवत नाहीत. प्रार्थनेच्या शांततेत एक सूर लागला. फुगत, ओसरत, पुन्हा फुगत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोटारीचा दोष, मी म्हणाले. मोटारीचा फ्यूज तर काढून माझ्या पर्समध्ये ठेवलेला.
बाहेर गिरजाबाईंनी गाठलं. "ते असाच भाता ओढत, बाई. रोज सकाळी घरचं दार आपोआप उघडते, ते कामावर जाऊन राह्यले. त्याइले सुट्टी द्या. सगळ्याइसमोर बोल्ल्या ना? मंग सगळ्याइसमोरच सांगा."

१९ एप्रिल
सगळ्यांसमोर? ईस्टरला, नागपूरहून येणाऱ्या मालकांसमोर?
चर्चची दारं लावून एकटीच ओरडले. काम झालं, घरी जा. माफ करा. दुपारभर. दर वेळी फक्त पुढची पट्टी —
घसा बसला.

२० एप्रिल, ईस्टर
आवाज नाही. नुसती हवा येते. सांगणार कशी —
चर्च भरलं, वही मांडीवर. गिरजाबाई पहिल्या बाकावर. शेजारी पदर पसरून जागा राखली आहे. कुणाला बसू देत नाहीत.
आधी रश्मीबाई दोन शब्द बोलतील, मग ऑर्गन, म्हणाले पास्टर.
निशा अजून खालीच उभी. पण भाता हलतोय. पट्ट्या दबताहेत, एक, आणखी एक —
माझं नाव घेतलं. उठते. माफी मागत ओठ तरी हलवीन, इसरूभाऊंना दिसलं तर —