बिलावरचं नाव

मंगळवार संध्याकाळ, पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड

नव्या फ्लॅटसाठी लाइटचं कनेक्शन मागितलं, तर कंपनीने नाही म्हटलं. माझी क्रेडिट हिस्टरीच नाही म्हणे, माझ्या नावावर बिलं भरल्याची नोंदच नाही. मग दोन वर्षं या घराचं बिल कोण भरतंय? स्टुडंट व्हिसावर चालतात तेवढे तास रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, आणि पगार झाला की आधी लाइटबिल. फ्लॅटमेट मेघनाताई विसरली तर तिचा वाटाही मीच भरते. पण बिलावर नाव तिचं. "माझ्या नावावर राहू दे, तुझ्या डोक्याला कशाला ताप," म्हणाली होती. गेल्या महिन्यात तिला कारचं लोन एका फोनवर मिळालं. बिलं वेळेवर भरते म्हणून. कोण भरते?

आज तिला सगळं सांगितलं. टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "अगं, नव्या फ्लॅटचंही माझ्याच नावावर घेऊन टाकू."

आणि मी काय म्हणाले? थँक्यू, ताई.